चौलच्या विहिरीचे पाणी

गेल्या वैशाखात आम्ही आठदहा दिवस चौलास जाऊन आलो. चौल हे आमचे मूळ गाव. नोकरीच्या निमित्ताने सारी हयात पुण्यास गेली. परंतु नळाचे पाणी प्यावयाचे आणि चौलच्या विहिरीची आठवण काढावयाची, हा परिपाठ आम्ही कधी सोडला नाही. त्यामुळे घरातील मंडळींस त्या विहिरीचा कंटाळा येऊन चुकला आहे. या खेपेस मात्र निघण्याचे कारण निराळे होते. चैत्र अखेरीस वहिनींचा निरोप आला, "भावोजी, विहीर मचूळ झाली. डाळ शिजेना, चहा फाटू लागला. तुमच्या दादांना सांगून उपयोग नाही, तुम्हीच या."

पुण्याहून खंडाळ्याचा घाट उतरून खोपोली, पेण, वडखळ, कार्ले खिंड असा अलिबागचा रस्ता. घाटात एका वळणावर गाडी अडली, तेव्हा समोरच्या तोडलेल्या कड्याकडे पाहण्यास निवांत वेळ मिळाला. याच कड्यातून कार्तिकात आम्ही जाताना जागोजाग पाणी ठिबकत होते. आता सारे कोरडे ठणठणीत. परंतु ज्या रेषेतून तेव्हा पाणी येत होते, ती रेषा वाळलेल्या शेवाळाने स्पष्ट आखल्यासारखी दिसत होती, आणि तिच्या खालीच तांबड्या मातीचा हातभर पट्टा होता. कड्यावर असे थरावर थर दिसतात. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून तप्त शिलारस वारंवार बाहेर येऊन पसरला आणि निवाला. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याच काळ्या पाषाणाचा, म्हणजे बसाल्टाचा, झालेला आहे. दोन लोटांच्या मध्ये बराच काळ गेला तर खालच्या थराचा पृष्ठभाग कुजून त्याची तांबडी माती होई. मग त्यावर नवा रस येऊन ती भाजून निघे. विहिरी खोदणारे लोक तिला गेरू म्हणतात. वरून मुरत आलेले पाणी या चिकण थराशी येऊन थबकते, खाली जाण्यास वाव न मिळाल्याने आडवे चालू लागते आणि कडा जेथे उघडा पडला असेल तेथे बाहेर येते. घाटातील झऱ्यांचे मर्म एवढेच.

परंतु पाषाणातून पाणी मुरते कसे, हा प्रश्न राहतोच. देवाजवळच्या सहाणेच्या दगडावर पाणी टाकले तर ते वाळून जाईल, आत जाणार नाही. वाळूची गोष्ट वेगळी. वाळूच्या कणाकणांत पोकळी असते आणि पाणी सगळीकडून सारखे झिरपते. फ्रान्सातील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करणाऱ्या हेन्री दार्सी नामक अभियंत्याने वाळू भरलेल्या नळ्यांतून पाणी सोडून त्याचा नियम १८५६ साली प्रसिद्ध केला, तो आजही चालतो. बसाल्टाच्या अंगी अशी पोकळी फारशी नाही. त्याचा रस निवताना आकसला, त्यामुळे त्यास उभ्या-आडव्या चिरा पडल्या. पुढे भूकवचाच्या ताणाने आणखी पडल्या. पाणी जाते ते या चिरांतून. दगड कोरडा आणि भेग ओली, असा हा प्रकार आहे. थरांच्या माथ्याशी शिलारसातील वायूच्या बुडबुड्यांनी जाळीदार झालेला, अर्धवट कुजलेला खडक असतो, त्यात थोडे पाणी साठते; मधला भरीव गाभा मात्र चिरेवाचून निर्जळ.

चिरेचा हिशेब मोठा विलक्षण आहे. भेगेची रुंदी दुप्पट झाली तर पाणी दुप्पट जात नाही, आठपट जाते; कारण प्रवाह रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे एक मिलिमीटर रुंदीची एकच चीर एकदशांश मिलिमीटरच्या हजार चिरांचे काम एकटी करते. कोकणात एका विहिरीस अखंड पाणी आणि वीस हात अंतरावरची विहीर शिमग्यातच कोरडी, असे जे दिसते ते यामुळे. पहिलीच्या पोटात ती एक चीर आलेली असते, दुसरीच्या पोटात नसते. आमच्या लहानपणी याचे श्रेय खोदविणाऱ्याच्या पुण्याईस देत असत.

वाचकांपैकी ज्यांस संस्कृताची गोडी आहे त्यांस वराहमिहिराची बृहत्संहिता ठाऊक असेल. सहाव्या शतकातील या ग्रंथात दकार्गल नावाचा एक अध्याय आहे. दक म्हणजे उदक, अर्गल म्हणजे अडसर. जमिनीखालील पाण्याचा अडसर काढण्याची ही विद्या. मनुष्याच्या अंगात जशा रक्ताच्या शिरा, तशा भूमीत पाण्याच्या शिरा वर-खाली वाहतात, असे तेथे प्रतिपादन आहे. अमुक झाड, त्याच्या अमुक दिशेस वारूळ, तर अमुक पुरुष खोलीवर पाणी, अशी लक्षणे दिली आहेत; खोदताना आडवी आलेली शिळा अग्नीने तापवून फोडण्याच्या युक्त्याही आहेत. नदीकाठच्या गाळाच्या प्रदेशात ही शिरांची उपमा लंगडी पडेल, कारण तेथे सारी भूमीच ओली. आमच्या दख्खनी पाषाणास मात्र ती चपखल लागू पडते. वारुळांविषयी आम्ही इतक्या खात्रीने बोलणार नाही.

असो. चौलास पोचलो तेव्हा ऊन कलले होते. ज्यांनी हे गाव पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. अलिबागच्या दक्षिणेस, पूर्वेकडे डोंगर, पश्चिमेस रेवदंडा व समुद्र आणि दक्षिणेस कुंडलिकेची खाडी, यांमध्ये नारळीपोफळींत बुडालेले हे गाव. ग्रीक व्यापाऱ्यांच्या काळापासून हे बंदर परदेशी लोकांस ठाऊक होते. निकितिन नावाचा रशियन प्रवासी पंधराव्या शतकात येथेच हिंदुस्थानच्या भूमीवर उतरला. चौलात तीनशे साठ देवळे व तीनशे साठ तळी होती असे परंपरेने सांगतात. आकडा वर्षाच्या दिवसांवरून बेतलेला उघड दिसतो; पण रामेश्वराच्या पुष्करणीसारखी जी शिल्लक आहेत ती पाहिली म्हणजे येथील पूर्वजांस पाण्याची किती आस्था होती ते कळते. अलिबागच्या नावाचीही कथा अशीच आहे. अली नावाच्या कोणा श्रीमंत मुसलमान गृहस्थाने तेथे विहिरी खोदविल्या व बागा लावल्या, त्यावरून ते नाव पडले, अशी हकीकत १८८३ सालच्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरात दिलेली आहे. कुलाबा जिल्ह्याचे नाव पुढे १९८१ साली रायगड झाले.

पाय धुतल्याबरोबर वहिनींनी आमच्या हाती फुलपात्र दिले आणि काही न बोलता समोर उभ्या राहिल्या. आम्ही एक घोट घेतला. ज्या पाण्याची कीर्ती आम्ही पुण्यात गात होतो ते हे पाणी! खारट म्हणवत नव्हते, गोड तर नव्हतेच. जिभेच्या कडांस काहीतरी जड लागत होते. फुलपात्र खाली ठेवताना आम्हांस उगीचच अपराध्यासारखे वाटले.

आता घरातील भांडण सांगणे प्राप्त आहे. आमच्या वाडीच्या पश्चिमेचे आगर काही वर्षांपूर्वी मुंबईच्या एका गृहस्थांनी विकत घेऊन तेथे बंगला बांधला आणि कूपनलिका मारली. ती आमच्या विहिरीपासून जेमतेम चाळीस पावलांवर. दुसऱ्या की तिसऱ्या उन्हाळ्यापासून आमचे पाणी बिघडू लागले. समुद्र पश्चिमेस, कूपनलिका पश्चिमेस. दादांनी दोहोंची सांगड घातली आणि येणेजाणे बंद केले. आम्हीही पुण्याहून त्या गृहस्थांस दोन कडक पत्रे लिहून आगीत तेल ओतले. दुसऱ्या पत्रात तर एक सुभाषितही घातले होते, याची आज लाज वाटते.

आमचे एक जुने विद्यार्थी भूशास्त्राचा अभ्यास करून पाणी शोधण्याच्या कामात मुरलेले आहेत. ते त्या सुमारास अलिबागेस आले होते, त्यांस आम्ही बोलावले. येताच त्यांनी आम्हांस प्रथम कुलाबा किल्ल्यावर नेले. आम्ही म्हटले, विहीर चौलात आणि तुम्ही किल्ला काय दाखविता? ते हसून म्हणाले, "गुरुजी, तुम्हीच शिकविलेत, आधी सोपे उदाहरण, मग अवघड." ओहोटीस आम्ही ओल्या वाळूतून चालत किल्ल्यात गेलो. चारी बाजूंस समुद्र, आणि आत गोड्या पाण्याचा तलाव व विहीर. तलावाशेजारी राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधविलेले सिद्धिविनायकाचे देऊळ. हा चमत्कार नव्हे, असे ते म्हणाले. पावसाचे गोडे पाणी हलके, समुद्राचे खारे पाणी सुमारे चाळिसाव्या हिश्शाने जड. म्हणून जमिनीत मुरलेले गोडे पाणी खाऱ्यावर तरंगत राहते, आणि समुद्राच्या पातळीवर ते एक हात असेल तर खाली सुमारे चाळीस हात पसरलेले असते. बादोन गिबेन नावाच्या डच व हेर्झबर्ग नावाच्या जर्मन संशोधकांनी हा नियम स्वतंत्रपणे मांडला. हेर्झबर्गचा लेख १९०१ सालचा. नियमाची उलटी बाजू मात्र भयंकर. उपसा करून वरची पातळी एक हात खाली नेली की खालून खारे पाणी कालांतराने चाळीस हात वर चढू पाहते.

"वाळूच्या पुळणीत हे सावकाश आणि सगळीकडून होते," ते म्हणाले, "खडकात मात्र ते वाटेने होते. तुमच्या विहिरीची वाट कोणती, ते पाहू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोठलाच पंप चालू करू दिला नाही. दादा रागावले, पोफळींस पाणी द्यावयाचे होते. आम्ही दोघे विहिरीच्या काठावर बसून गाठी मारलेली दोरी सोडीत होतो आणि दर अर्ध्या तासाने पातळी वहीत टिपीत होतो. मौज अशी की, उपसा मुळीच नसताना पाणी वर चढले, मग उतरले, मग पुन्हा चढले. दोनच बोटे, पण निश्चित. खाडीच्या भरतीओहोटीशी ताडून पाहिले, तेव्हा तोच खेळ सुमारे दोन तास उशिराने विहिरीत होत होता.

तेव्हा आम्हांस आजीची आठवण झाली. विहिरीच्या आतील बाजूस एका चिऱ्यावर तिने दोन खुणा करून घेतल्या होत्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणास विहीर वरच्या खुणेस शिवते आणि अष्टमीस शिवत नाही, असे ती म्हणे. विहीर श्वास घेते, असा तिचा शब्द होता. आम्ही मॅट्रिक झालो त्या साली तिला शास्त्राच्या आधारे समजावून सांगितले होते की, कोसभर दूरच्या खाडीचा विहिरीशी संबंध असणे अशक्य आहे. ती काही बोलली नाही. निमूट रहाटाकडे गेली. खुणा अजून आहेत.

तिसऱ्या दिवशी आम्ही स्वतः बंगलेवाल्यांकडे गेलो. पत्रांचा विषय त्यांनी काढला नाही, हा त्यांचा मोठेपणा. विनंतीप्रमाणे त्यांनी आपला पंप सकाळपासून सहा तास चालू ठेवला. आम्ही दोरी सोडीत राहिलो. भरतीओहोटीची दोन बोटे वजा घातली तर विहीर जागची हलली नाही. चाळीस पावलांवर पाण्याचा लोट उपसला जात होता आणि आमच्या विहिरीस त्याची गंधवार्ता नव्हती! दादा म्हणाले, "तुमची दोरी भिजून ताणली असेल." ती वाळवून पुन्हा मोजली.

चौथ्या दिवशी वाडीच्या दक्षिण टोकाची, पोफळबागेतील दादांची स्वतःची कूपनलिका चालू केली. ती विहिरीपासून अडीचशे पावलांवर. रहाटास बैल परवडेनासा झाला तेव्हा दादांनी ती मारविली; जागा एका पाणाड्याने तळहातावर नारळ उभा करून दाखविली होती. पाऊण तासात विहीर चार बोटे उतरली. दुपारपर्यंत वीतभर उतरली. पंप बंद केल्यावर सावकाश पूर्ववत आली. दादा काठावर उभे होते. ते काही न बोलता घरात गेले, आणि त्या दिवशी जेवणास उशिरा बसले.

कारण समजण्यास आमच्या विद्यार्थ्याने आम्हांस वाडीच्या पश्चिम गडग्याशी नेले. गडग्याच्या दगडांखाली जमिनीतून वर आलेल्या काळ्या, घट्ट पाषाणाची हातदोनहात रुंद पट्टी उत्तर-दक्षिण गेलेली दिसते. तेथे काही उगवत नाही, म्हणूनच पूर्वजांनी तिच्यावर हद्द घातली असावी. शिलारसाने भेग भरून जी उभी भिंत होते तिचा हा माथा. कोकणच्या किनाऱ्याने अशा शिलाभित्ती पुष्कळ आहेत, आणि त्यांतील कित्येक किनाऱ्यास समांतर, म्हणजे उत्तर-दक्षिण धावतात. मुरुड-जंजिऱ्याकडेही त्या पाहावयास मिळतात. भिंतीचा गाभा भरीव असला तर ती पाणी अडविते. तिच्या कडेचा खडक मात्र भाजून-आकसून भेगाळलेला असतो, तो पाणी वाहून नेतो. आमच्या आणि बंगल्याच्या मध्ये ही भिंत आडवी उभी. म्हणून त्यांचे पाणी त्यांच्याकडे, आमचे आमच्याकडे. आणि भिंतीच्या पूर्व कडेची भेग आमच्या विहिरीवरून दादांच्या कूपनलिकेवरून दक्षिणेस जाते, तेथे आहे खाडी. आम्ही सारी वर्षे पश्चिमेच्या समुद्राकडे बोट दाखवीत होतो. मीठ दक्षिणेकडून येत होते.

किती मीठ? शाळामास्तराची खोड म्हणून हिशेब केला. विद्यार्थ्याजवळील यंत्राने आमच्या पाण्यात लिटरास सुमारे १,१०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार दाखविले. गडग्यापलीकडच्या पाण्यात ४०० भरले. आमचेही पूर्वी तेवढेच असावे. समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५,००० असतात. तेव्हा शंभर घागरींत दोन घागरी समुद्र मिसळला की ७०० वाढतात आणि बेरीज जमते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यास ५०० पर्यंत इष्ट, दुसरी सोय नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावे असे आहे. म्हणजे दोन घागरींनी घराची डाळ शिजेनाशी झाली, आणि आणखी तीन मिसळल्या तर विहीर पिण्यातून जाईल.

सरकारी कायद्यांविषयी एक शब्द लिहावासा वाटतो. १९९३ च्या भूजल अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरांच्या आत नवीन विहीर खोदण्यास बंधन घातले. हेतू उत्तम, आणि काहीच नियम नसण्यापेक्षा हा नियम बरा. परंतु आमच्या वाडीत चाळीस पावलांवरचा मनुष्य निरपराध निघाला आणि अडीचशे पावलांवरचा घरचाच मनुष्य कारण ठरला. कंपासाने वर्तुळ काढून खडकाचा न्याय होत नाही. प्रत्यक्ष उपसून, दोरी सोडून पाहावे लागते, आणि त्यास चार दिवस व थोडा मनाचा मोकळेपणा लागतो. दुसऱ्या गोष्टीचा तुटवडा आमच्याकडे अधिक होता.

पाऊस येथे थोडा पडतो असे कोणी म्हणणार नाही. या किनाऱ्यावर वर्षास दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो, तरी वैशाखात कित्येक पाड्यांवर टँकर फिरताना आम्ही पाहिले. भूजलाचा हिशेब मांडताना वाळूच्या गाळात शंभर भागांत सोळा भाग उपसण्याजोगे पाणी धरतात. भेगाळ बसाल्टात दोन, आणि भरीव पाषाणात एकही नाही. एवढासा पेला आषाढातच भरतो आणि उरलेला पाऊस दोन प्रहरांत समुद्रास मिळतो. वाटा रुंद आणि कोठार लहान, हे या खडकाचे लक्षण.

मग करावयाचे काय? दादांस कूपनलिका बुजवा असे सांगणे सोपे होते. पण तिच्यावर चारशे पोफळी जगतात, आणि पोफळींवर वहिनींच्या औषधाचा खर्च चालतो. दोन रात्री घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. अखेर वहिनींनीच तोडगा काढला. पंप एकदम सहा तास न लावता सकाळी एक व संध्याकाळी एक तास लावावा. गडग्याच्या आतून चर खणून पावसाळ्यात डोंगराकडून येणारे ओढ्याचे पाणी गाळून जुन्या, वापरात नसलेल्या आडात सोडावे, म्हणजे त्याच भेगेत गोडे पाणी अधिक जाईल. आणि आजीच्या खुणांशेजारी तिसरी खूण करून तिच्या खाली पातळी गेली की पंप बंद. विद्यार्थ्याने त्यात एकच भर घातली: दर अमावास्येस बाटलीभर पाणी तपासावयाचे. दादांनी वही स्वतःच्या उशाशी ठेवून घेतली. गोडवा परत यावयास एक पावसाळा पुरेल की पाच लागतील, हे भेगेच्या पोटात किती खारे शिरले आहे यावर आहे.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दादांस घेऊन गडग्यापलीकडे गेलो. दादा वाटेत दोनदा थांबले. एकदा पायात काटा गेला म्हणून, एकदा उगीच. त्या गृहस्थांनी अंगणात खुर्च्या मांडल्या, कोकमाचे सरबत आणविले. बराच वेळ आंब्यांविषयी बोलणे झाले. दादांनी पेला संपविला, खाली ठेवला आणि म्हणाले, "तुमचे पाणी चांगले आहे हो." ते गृहस्थ म्हणाले, "मग तुमचे सुधारेपर्यंत पिण्यापुरते येथून नेत जा. गडग्यास एक खिंडार पाडू." दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही गाडीस निघालो, तेव्हा वहिनी कळशी घेऊन तिकडेच चालल्या होत्या.